केफिर, फळे आणि मिक्सर

दुधात संत्र्याचा रस ओतला तर काय होईल, असे आठवीच्या वर्गात विचारले की ‘दूध फाटेल’ हे उत्तर ताबडतोब येते. केळ्याचे शिकरण आपल्या घरोघरी होते, पण स्ट्रॉबेरीचे किंवा अननसाचे शिकरण कोणी करत नाही. केलेच तर वाटीत पांढऱ्या गुठळ्या आणि त्यांच्याभोवती पाणी दिसते. मग हीच आंबट फळे वापरून दाट, एकजीव आणि चविष्ट स्मूदी कशी तयार होते? (स्मूदी म्हणजे फळाचा गर आणि दूध किंवा दही मिक्सरमध्ये एकत्र फिरवून केलेले घट्टसर पेय. आपली लस्सी आणि पियूष ही तिची जवळची नातेवाईक मंडळी.) या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केफिर हे उत्तम साधन आहे. ते घरी होते, वर्गात त्याचे प्रयोग करता येतात आणि शेवटी ते पिताही येते.

केफिर हे मूळचे उत्तर कॉकेशस पर्वतराजीतले. एल्ब्रुस या ५,६४२ मीटर उंचीच्या शिखराच्या परिसरात राहणारे काराचाय आणि बाल्कार लोक, तसेच त्यांचे शेजारी ओसेती, हे पेय पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. तिकडे दूध कातड्याच्या पिशवीत भरून त्यात केफिरचे ‘दाणे’ टाकत. केफिर काढून घेतले की पिशवीत पुन्हा ताजे दूध, असा क्रम चालू राही. या दाण्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात. एडुआर्ट केर्न यांनी १८८१-८२ च्या सुमारास ‘कॉकेशसमधील एक नवे दुग्धकिण्व’ म्हणून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे रशियातील आरोग्यधामांत क्षयाच्या रुग्णांना केफिर देण्याची प्रथा पडली. क्षयावर परिणामकारक ठरलेले पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. त्याआधी डॉक्टरांच्या हाती पौष्टिक आहार, विश्रांती आणि मोकळी हवा यांपलीकडे फारसे काही नव्हते, हे लक्षात घेतले की त्या प्रथेचा अर्थ कळतो. केफिरने क्षय बरा होत असे, हा अर्थ मात्र त्यातून काढू नये.

हे दाणे म्हणजे धान्य नव्हे आणि बीही नव्हे. ते दिसतात फ्लॉवरच्या लहानशा तुऱ्यासारखे, पिवळसर पांढरे, बोटांनी दाबले तर रबरासारखे लवचीक. कोठे कोठे त्यांना ‘तिबेटी अळंबी’ म्हणतात, पण अळंबीशीही त्यांचा संबंध नाही. दाणा म्हणजे अनेक जातींच्या जीवाणूंची आणि यीस्टची एकत्र वसाहत आहे. या वसाहतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ ‘केफिरान’ नावाची बहुशर्करा असून ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्या जवळजवळ समान प्रमाणातून बनलेली असते. ती बनवण्याचे मुख्य काम लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेसियन्स हा जीवाणू करतो.

या जीवाणूची एक मोठी गंमत २०२१ मध्ये पुढे आली. किरण पाटील यांच्या संशोधक गटाने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे केफिरमधील जीवाणूंचा आणि यीस्टचा बारकाईने अभ्यास केला. दाण्यात संख्येने सर्वांत जास्त असलेला हा केफिरानोफेसियन्स एकटा दुधात सोडला तर त्याला धड वाढता येत नाही, असे आढळले. त्याला लागणारी पोषकद्रव्ये शेजारचे जीवाणू आणि यीस्ट तयार करतात. एकाने टाकलेला पदार्थ दुसऱ्याचे अन्न होतो. दुधात कोणी आधी वाढायचे आणि कोणी नंतर, याचाही क्रम ठरलेला दिसतो. चोवीस तासांत दुधातली वस्ती सारखी बदलत जाते, दाण्यातली मात्र जवळजवळ तशीच राहते. सहजीवनाचा धडा शिकवताना आपण दगडफूल आणि शिंबावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी ही दोन उदाहरणे देतो. त्यांच्या जोडीला हे तिसरे उदाहरण टेबलावर ठेवून दाखवता येईल.

म्हणूनच केफिरचे दाणे प्रयोगशाळेत ‘तयार’ करणे कठीण. वेगवेगळ्या जाती शुद्ध स्वरूपात काढून पुन्हा एकत्र मिसळल्या तरी दाणा सहजासहजी बनत नाही. १९९७ साली इराणमधील संशोधकांनी बोकडाच्या कातड्याची पिशवी, दूध आणि मेंढीच्या आतड्यातील जीवाणू यांच्या साहाय्याने, दूध पुन्हा पुन्हा बदलत, सुमारे बारा आठवड्यांनी पिशवीच्या आतल्या बाजूवर दाण्यांसारखा थर मिळवला. घरी मात्र एकच मार्ग आहे: ज्यांच्याकडे दाणे आहेत त्यांच्याकडून चमचाभर मागून आणणे. विरजणासारखेच. दाणे दर खेपेला साधारण पाच ते सात टक्क्यांनी वाढतात. पाच टक्के धरले तर किती खेपांनी दुप्पट होतील, हे चक्रवाढ व्याजाचे गणित विद्यार्थ्यांना घालावे (उत्तर चौदाच्या आसपास येते).

दही आणि केफिर

विरजण लावताना आपण कोमट दुधात चमचाभर दही कालवतो. ते दही पूर्णपणे दुधात मिसळून जाते. केफिरमध्ये दाणे तसेच राहतात, गाळून काढता येतात आणि पुन्हा वापरता येतात. दुसरा फरक तपमानाचा. दह्यासाठी आपण थंडीत भांड्याला फडके गुंडाळतो, उबेला ठेवतो. केफिरला २० ते २५ अंश सेल्सिअस पुरे. तिसरा आणि मुख्य फरक म्हणजे यीस्ट. दह्यातील जीवाणू दुग्धशर्करेचे प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल करतात. केफिरमध्ये त्याखेरीज थोडे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जिभेवरची किंचित चुणचुण आणि ताज्या पावासारखा हलका वास त्यामुळे येतो. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात केफिरच्या दर ग्रॅममध्ये किमान एक कोटी जिवंत सूक्ष्मजीव आणि किमान दहा हजार यीस्टपेशी असाव्यात, अशी अट आहे.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर दूध उकळून खोलीच्या तपमानापर्यंत पूर्ण निवू द्यावे. गरम दुधात दाणे टाकले तर यीस्ट मरते. पिशवीचे दूध पाश्चरीकृत असले तरी उकळावे, याला सुरक्षिततेखेरीज आणखी एक कारण आहे. ८० अंशांच्या वर दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या कणांना चिकटतात, त्यामुळे पुढे घट्टपणा चांगला येतो. काचेच्या स्वच्छ बरणीत दूध ओतून त्यात एक मोठा चमचा दाणे सोडावेत, तोंडाला फडके बांधावे आणि ओट्याच्या कोपऱ्यात, ऊन न लागेल असे ठेवावे. थंडीत चोवीस तास लागतात. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर किंवा जळगावकडे दहा-बारा तासांतच बरणीत निवळी सुटलेली दिसेल. तेव्हा दाणे निम्मे करावेत किंवा बरणी माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवावी. दूध सायीसारखे दाट दिसू लागले की गाळावे. निवळी वेगळी होईपर्यंत थांबले तर आंबटपणा फार वाढतो आणि मग स्मूदीत साखरेचे डोंगर घालावे लागतात.

धातूचा चमचा लागला की दाणे मरतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. स्टेनलेस स्टीलची गाळणी क्षणभर वापरल्याने काहीही होत नाही. अॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ मात्र टाळावे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. केफिरही तितकेच आम्लधर्मी आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो. या सामूला केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दुधात तरंगत राहतात. आम्ल वाढत गेले की हा भार कमी होतो आणि सामू ४.६ ला तो शून्यावर येतो. मग कण एकमेकांना चिकटतात. ही क्रिया कशी घडते ते वेगावर अवलंबून आहे. संत्र्याचा रस एकदम ओतला तर कण जेथे सापडतील तेथे गोळा होतात आणि गुठळ्या बनतात. जीवाणू मात्र आम्ल तासन् तास, थोडे थोडे आणि दुधात सर्वत्र तयार करतात. त्यामुळे कणांची सलग, नाजूक जाळी विणली जाते आणि पाणी तिच्यात अडकून राहते. केफिरचा सामू ४.२ ते ४.६ असतो, म्हणजे केसीनचे जे व्हायचे ते आधीच झालेले असते. त्यात स्ट्रॉबेरी घाला, संत्रे घाला, कच्ची कैरी घाला, फाटण्यासारखे काही उरलेले नसते.

फळे आणि दूध हा विरुद्ध आहार आहे, असा आक्षेप काही पालक घेतील. दूध फाटते म्हणून ते पोटाला वाईट, एवढाच युक्तिवाद असेल तर जठरातील आम्लात प्रत्येक घोट दूध फाटतेच, हे त्यांना सांगता येईल. आणि शिकरणाचे काय, असेही नम्रपणे विचारता येईल.

मिक्सरमध्ये काय घडते

केसीनची ही जाळी नाजूक आहे. मिक्सरच्या पात्यांनी ती तुटते आणि घट्ट केफिर दोन मिनिटांत ताकासारखे पातळ होते. शिवाय विरघळलेला वायू निघून जातो, म्हणजे चुणचुणही गेली. यावर उपाय क्रमाचा आहे. आधी फळे आणि इतर सामग्री अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवावी. केफिर सर्वांत शेवटी घालून पाच-सात सेकंदच मिक्सर चालवावा, किंवा चक्क रवीने घुसळावे. मला रवी जास्त पसंत आहे.

घट्टपणा केफिरकडून मिळाला नाही तर तो फळांकडून घ्यायचा. आंबा, चिकू, सीताफळ आणि केळे यांच्या गरातील पेक्टिन व तंतू पाणी धरून ठेवतात. भिजवलेला सब्जा हा आणखी एक चांगला उपाय. त्याच्या बियांवरचा बुळबुळीत थर पंधरा मिनिटांत फुगतो. बर्फ मात्र घालू नये, तो वितळून सारे पचपचीत करतो. त्याऐवजी फळांच्याच फोडी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवाव्यात.

गोडीबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी जरूर करून पाहावी. तीच स्मूदी अर्धी थंड आणि अर्धी खोलीच्या तपमानाला ठेवून चाखली तर थंड पेय कमी गोड लागते. जिभेवरील चवीच्या पेशींत ‘ट्रिप-एम-५’ नावाची एक प्रथिनवाहिनी असते. गोड चवीचा संदेश पुढे पाठवण्यात तिचा मोठा वाटा आहे आणि थंडीत तिचे काम मंदावते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून थंड पेयात आपला हात साखरेवर सैल पडतो. यावरचा उतारा म्हणजे पूर्ण पिकलेले फळ. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के स्टार्च असतो. केळे पिकताना तो जवळजवळ सगळा शर्करेत बदलतो. सालीवर काळे ठिपके आलेले, घरात कोणी हात न लावणारे केळे स्मूदीसाठी सर्वांत उत्तम. त्याच्या जोडीला दोन खजूर आणि चिमूटभर मीठ घातले तर साखर लागत नाही.

दोन ग्लासांसाठी माझे प्रमाण असे: गोठवलेल्या फळांच्या फोडी दीड वाटी, केफिर दीड वाटी, खजूर दोन, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड चवीपुरती. आंब्याच्या दिवसांत खजूर वगळावा. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी घेतली तर खजूर तीन करावेत. चिकूबरोबर वेलदोड्याऐवजी किसभर जायफळ अधिक शोभते.

अननस, किवी आणि पपई यांच्या बाबतीत सावध राहावे लागते. अननसात ब्रोमेलेन, किवीत अॅक्टिनिडिन आणि पपईत पपेन ही प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती केसीनचे लहान तुकडे करतात आणि त्यांतील काही तुकडे कडू असतात. अननसाची स्मूदी लगेच प्यायली तर छान लागते, अर्ध्या तासाने ती कडवट आणि पाणचट झालेली असते. पपई जितकी पिकेल तितके पपेन कमी, म्हणून पिकलेल्या पपईचा त्रास कमी. वर्गात दोन पेल्यांत केफिर घेऊन एकात ताज्या अननसाचा रस आणि दुसऱ्यात पाच मिनिटे उकळून थंड केलेला रस घालावा व तासाभराने विद्यार्थ्यांना चव पाहू द्यावी. उष्णतेने विकर निकामी होते, हे पुस्तकातले वाक्य त्यांच्या जिभेवर उमटेल. या प्रयोगासाठी स्वयंपाकघरातलेच पेले वापरावेत, प्रयोगशाळेतली चंचुपात्रे नव्हेत.

केळ्याविषयीही एक नवी माहिती आहे. कापलेले केळे काळे पडते ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. बेरीवर्गीय फळांत, द्राक्षांत आणि कोकोत फ्लॅव्हेनॉल नावाची उपयुक्त द्रव्ये असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केळे घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या रक्तात ही द्रव्ये तुलनेने ८४ टक्के कमी पोचल्याचे आढळले. तो प्रयोग केफिरवर नव्हता आणि केळे खाणे सोडावे असेही त्याचे म्हणणे नाही. पण द्राक्षे किंवा जांभळे वापरायची असतील तर त्यांना केळ्याऐवजी आंब्याची सोबत द्यावी.

अल्कोहोल आणि वायू यांचा हिशेब

केफिरमध्ये दारू असते का, हा प्रश्न वर्गात आणि पालकसभेत हमखास येईल. त्याचे उत्तर टाळू नये, हिशेब मांडावा. अर्धा लिटर गायीच्या दुधात सुमारे २४ ग्रॅम दुग्धशर्करा असते. समजा, त्यातील १ ग्रॅम यीस्टने वापरली. दुग्धशर्करेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन अल्कोहोलचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू देतो. रेणुभार अनुक्रमे ३४२, १८, ४६ आणि ४४ आहेत. म्हणजे १ ग्रॅम शर्करेतून सुमारे ०.५४ ग्रॅम अल्कोहोल मिळेल. अर्ध्या लिटरमध्ये हे प्रमाण सुमारे ०.१ टक्का झाले. प्रत्यक्षात घरच्या ताज्या केफिरमध्ये ते कमीजास्त असते, पण साधारणपणे एक टक्क्याच्या बरेच खाली राहते. तरीही धर्माने, व्रताने किंवा व्यसनमुक्तीच्या निश्चयाने ज्यांनी अल्कोहोल पूर्ण वर्ज्य केले आहे, त्यांना हे आधी सांगणे आपले कर्तव्य आहे. न सांगता पाजणे योग्य नाही. त्यांच्यासाठी दह्याची स्मूदी करावी. चव थोडी वेगळी येईल, रसायनशास्त्र तेच.

याच हिशेबाने १ ग्रॅम शर्करेतून २५ अंश तपमानाला सुमारे २८५ मिलीलिटर वायू निघतो. त्यातला बराचसा द्रवात विरघळतो, म्हणून एवढ्याने फक्त फसफस येते. पण काही जण केफिरमध्ये फळे किंवा साखर घालून ते बंद बाटलीत आणखी एक-दोन दिवस आंबवतात. आता १० ग्रॅम साखर धरा. ती सगळी आंबली तर २.८ लिटरहून अधिक वायू होईल. अर्धा लिटर केफिर आणि वर थोडीशी मोकळी जागा असलेल्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब सहज चढेल. जॅमची किंवा लोणच्याची काचेची बाटली हा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. ती फुटते आणि काचा चेहऱ्यावर येतात. म्हणून शाळेत हा प्रकार करूच नये. वायू दाखवायचाच असेल तर एका बाटलीत दाणे घातलेले दूध आणि दुसरीत विरजण लावलेले दूध ठेवून दोन्हींच्या तोंडांना फुगे बांधावेत. दुसऱ्या दिवशी बाटल्या हलक्या हाताने हलवाव्यात. केफिरवरचा फुगा डोके वर काढेल.

केफिरच्या नावावर आज अनेक रोगांचे इलाज खपवले जातात. त्यांपैकी दुग्धशर्करा न पचण्याबद्दलचा दावा त्यातल्या त्यात भक्कम पायावर आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात अशा पंधरा प्रौढांना दूध आणि केफिर आलटूनपालटून देऊन त्यांच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजला. दुग्धशर्करा न पचता मोठ्या आतड्यात गेली की तेथील जीवाणू हा वायू करतात. केफिर घेतल्यावर हायड्रोजन कमी भरला आणि पोट फुगण्याच्या तक्रारीही कमी झाल्या. केफिरमधील सूक्ष्मजीव शर्करा तोडणारे विकर स्वतःबरोबर घेऊन येतात, हे त्याचे कारण. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. अशा मुलाला केफिरही चालणार नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे क्षीण झाली आहे, त्यांनी जिवंत सूक्ष्मजीव असलेले हे पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दाण्यांवर हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, सडका वास आला तर दाण्यांसकट सारे टाकून द्यावे. धुऊन वाचवण्याचा मोह नको.

मे महिन्याच्या सुट्टीत दाण्यांचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. आठवडा-दोन आठवड्यांसाठी ते ताज्या दुधात बुडवून फ्रीजमध्ये ठेवले तर पुरते. त्याहून अधिक काळासाठी उकळून गार केलेल्या पाण्यात विसळून, स्वच्छ कागदावर पसरून, वरून पातळ फडके टाकून सावलीत दोन-तीन दिवस सुकवावेत. ते पिवळे, कडक होतात. मग थोड्या दुधाच्या भुकटीत घोळवून घट्ट झाकणाच्या डबीत भरावेत आणि डबी फ्रीजमध्ये ठेवावी. जूनमध्ये ते थोड्याशा दुधात भिजत घालावेत आणि दूध रोज बदलावे. पहिल्या तीन-चार दिवसांचे दूध पिऊ नये, टाकून द्यावे. यीस्ट आणि जीवाणू यांची घडी पुन्हा बसायला एवढा वेळ लागतो. दुधाला चोवीस तासांत पूर्वीसारखा दाटपणा आणि स्वच्छ आंबट वास आला की मिक्सर बाहेर काढायला हरकत नाही.